साबणाबाहेरचा अंगठा

डाव्या हाताचा अंगठा पेटला. म्हणजे जळला नाही, चटका बसला नाही. नुसता उजळला, काजव्यासारखा हिरवट, मुळापासून टोकापर्यंत. दूधमावशी त्याच्याकडे अशी बघत राहिली, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता आणि चुकून तिच्या हाताला येऊन चिकटला होता. टेबलावर ठेवलेल्या काळ्या खोक्यात तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत घातलेले होते, वर जांभळा दिवा होता, आणि प्रशिक्षण द्यायला आलेली मुलगी झाकणाच्या फटीतून वाकून बघत होती. "मावशी, अंगठा राहिला," ती म्हणाली. "राहिला म्हणजे?" "धुवायचा राहिला. मघाशी हातांना मलम लावलं ना मी, ते नीट हात धुतले की निघून जातं. साबण पोचत नाही तिथं तेवढं राहतं आणि या दिव्याखाली चमकतं. बघा ना, केवढं लख्ख दिसतंय." मागे रांगेत उभा असलेला धुलाईघरातला माणूस मान लांब करून म्हणाला, "घ्या! यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण! दूधमावशीच नापास, तर आम्हां पामरांनी आता घरीच जावं." रांग हसली. मावशीही हसली, कारण चांगला टोमणा स्वतःवर आला तरी हसायचं ही तिची जुनी खोड. पण हसू ओठांवर आलं आणि तिथंच घुटमळलं, पाहुण्याला दारात आल्यावर घर चुकलं हे कळावं तसं.

तिसऱ्या मजल्यावर नवजात बाळांच्या कक्षाला लागून एक अरुंद, उबदार, पांढऱ्या फरश्यांची खोली होती. दिवस भरायच्या आत जन्मलेली, ओंजळीत मावतील एवढी बाळं कक्षात काचेच्या पेट्यांमध्ये निजलेली असत, आणि त्यांच्या आयांनी काढून दिलेलं दूध या खोलीत मोजून, चिठ्ठी लावून, कोमट करून चिमुकल्या बाटल्यांत भरलं जाई. बावीस वर्षं ते काम एका बाईनं केलं होतं. तिचं नाव हजेरीपटावर काहीतरी वेगळंच होतं. ते तिला स्वतःलासुद्धा सही करतानाच आठवे. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला दूधमावशी म्हणत. नव्या नर्सला पहिल्या दिवशी सांगितलं जाई, हात कसे धुवायचे ते मावशींकडून शीक. तिचा नवरा, तो हयात होता तेव्हा, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "माझं लग्न हिच्याशी नाही झालं हो, साबणाशी झालं. ही करवली म्हणून आली ती राहिली." आणि आज अंगठा उजळला.

मोठ्या सिस्टरांनी तिला बाजूला घेतलं. त्या वयानं मावशीहून लहान, हुद्द्यानं मोठ्या. दोन्हींचा मान सांभाळत बोलायची त्यांना सवय होती. "मावशी, मनाला लावून घेऊ नका. वरून लेखी आलंय. दुधाच्या खोलीत काम करणाऱ्याचा हात पूर्ण स्वच्छ निघाला पाहिजे. चार वाजता ती मुलगी पुन्हा बघेल. तेव्हाही राहिलं तर उद्यापासून तुम्हाला चादरींच्या कोठीत बसवावं लागेल." मावशीला विचारायचं होतं ते वेगळंच. "सिस्टर, बावीस वर्षं... बाळांना काही..." सिस्टरांनी तिचा दंड धरला. "हातमोजे होते ना? बाटल्या उकळलेल्या होत्या ना? एक उपाय चुकला तर दुसरा धरून ठेवतो, म्हणून तर इतके उपाय करतो आपण. तुमच्या खोलीतून एका बाळाला कधी त्रास झाला नाही, मी स्वतः नोंदी बघते. पण नियम तो नियम." मग जाता जाता वळून म्हणाल्या, "चार वाजता या हं. मला कोठीत दुसरी कुणीही चालेल. दुधाला तुम्हीच हव्यात."

आता अकरा वाजले होते. चार वाजेपर्यंत तिच्या खुर्चीवर बदली बाई बसणार होती. मावशी जिन्याजवळच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत गेली. तिथं एक बाक, एक आरसा, एक हात धुवायचं बेसिन आणि दुपारच्या उन्हाचा एक चौकोन होता. ती बाकावर बसली आणि तिनं हात मांडीवर पालथे ठेवले. या वेळी मांडीवर हात ठेवून बसायची सवयच नव्हती. अकराचं दूध, बाराचं दूध, अंगाला त्याची घंटा माहीत होती, आणि आता ती घंटा आत वाजत होती आणि हात जागेवरून हलत नव्हते. साबणानं रापलेले, पाण्यानं सुरकुतलेले, पण नखं कापलेली, नेटकी. अंगठाही तसाच. साध्या उजेडात तो इतका निरागस दिसत होता की तिला त्याचा राग येईना. शाळेतून तक्रार आलेल्या पोराकडे आई बघते तशी ती त्याच्याकडे बघत बसली: काय रे बाबा, काय केलंस? पण प्रश्न अंगठ्याचा नव्हताच. ती हात धुवायची ते कुठल्या तक्त्यावरून नव्हे, गाण्यावरून. आईच्या गाण्यावरून. पन्नास वर्षं रोज वीस वेळा ती ते मनातल्या मनात गुणगुणत आली होती, आणि त्या गाण्याला नापास केलं होतं एका जांभळ्या दिव्यानं.

आई पांढरे कपडे शिवायची. दवाखान्यांचे, हॉटेलांचे, शाळांचे गणवेश; शुभ्र कापडाचे गठ्ठे घरात यायचे आणि एका बोटाचा डाग पडला तरी आख्खा गठ्ठा परत यायचा. दोन खोल्यांचं घर, त्यात शिवणयंत्र, दोन मुलं आणि ते पांढरं कापड. म्हणून त्या घरात हात धुणं हा नुसता नियम नव्हता, तो आल्या-गेल्याला करायचा नमस्कार होता. बाहेरून आलात, हात. खाल्लंत, हात. खेळलात, भांडलात, रडून डोळे पुसलेत, हात. आई यंत्राचं चाक न थांबवता, सुई वरखाली होत असतानाच त्या तालावर म्हणायची, आणि लांबच लांब सामाईक गॅलरीच्या टोकाला नळाशी उभं राहून ती, घरातली ताई, आणि तिचा धाकटा भाऊ आईमागून म्हणायचे:

तळवा तळव्याला भेटतो,
पाठ पाठीला खेटतो,
बोटांत बोट गुंततं,
नख तळहाती गुणगुणतं,
चारी बोटं न्हाली गं,
देवापुढं आली गं.

आवाज आईचा फार गोड होता असं नाही. पण शेवटच्या ओळीला ती यंत्र थांबवायची. तेवढी एक ओळ ती पायडलवरचा पाय उचलून, मान किंचित वर करून म्हणायची, आणि घरात एकदम जी शांतता व्हायची तिच्यात पोरीला वाटायचं की खरंच कुणीतरी समोर उभं आहे आणि आपले ओले हात पुढे झालेले आहेत. देव म्हणजे काय हे तिला पुढं अनेकांनी अनेक तऱ्हांनी सांगितलं. तिच्या लेखी देव म्हणजे यंत्र थांबल्यावर येते ती शांतता आणि स्वच्छ, ओले हात. नंतर दुधाच्या खोलीत काचेपलीकडे ती तान्ही बाळं झोपलेली असताना ती शेवटची ओळ पुटपुटायची तेव्हाही तेच वाटायचं. यात दाखवण्यासारखं काही नव्हतं. कुणाला ऐकूही जात नसे. पण बावीस वर्षांत ती ओळ तिनं एकदाही गाळली नव्हती.

आणि आता बाकावर बसून, बोटांवर मोजत, ती ते गाणं पुन्हा पुन्हा तपासत होती. तळवा आहे. पाठ आहे. बोटांच्या बेचक्या आहेत. नखं आहेत. चारी बोटं. चारी! पन्नास वर्षं तोंडात असलेला शब्द आज पहिल्यांदाच कानावर पडला. पाच का नव्हे? अंगठा कुठं गेला? आई विसरली? आणि ही शंका मनात आली मात्र, तिला लाज वाटली, देव्हाऱ्याला पाय लागल्यासारखी. देव चुकला असं म्हणायला एकवेळ जीभ वळली असती, पण आई चुकली असं म्हणायला वळेना. पांढऱ्या कापडावरचा केसाएवढा ठिपका जिला दिव्याशिवाय दिसायचा, तिला पोरीचा अख्खा अंगठा दिसला नाही? उन्हाचा चौकोन बाकाच्या पायापर्यंत सरकला. दारावरून ट्रॉली गेली, तिचं एक चाक कुरकुरत होतं. आणि त्या कुरकुरीच्या मागोमाग, कोण जाणे कुठून, धाकट्याचं आजारपण आलं.

तो सहा वर्षांचा होता, ती अकरा. त्याच्या पोटाचा ताप महिनाभर हटला नव्हता. आईला काम सोडून चालत नव्हतं, म्हणून पोरगी त्याच्याजवळ बसायची आणि मऊ भात कालवून भरवायची. हातानं. चमचा तो थुंकून टाकायचा. ताईचा हात चालायचा. घास बोटांवर घ्यायचा आणि अंगठ्यानं पुढं ढकलायचा. उजव्या हातानं, पण उजवा हात अवघडला की डाव्यानंही. त्याचे तापलेले ओठ अंगठ्याला लागायचे ते तिला आत्ता लागले. तो महिना तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा महिना होता, तिची कमाई होती. मी त्याला भरवलं म्हणून तो जगला, असं ती कधी बोलली नव्हती, पण मनाच्या तळाशी ते होतं, कपाटात जपून ठेवलेल्या चांदीच्या वाटीसारखं. आणि आज कुणीतरी ती वाटी उचलून उलटी केली: कशावरून तूच त्याला आजारी ठेवलं नाहीस? एका आठवड्याचा ताप महिनाभर का रेंगाळला? तिला बसवेना. ती उठली, खिडकीशी गेली, परत आली. आणि मग जे तिनं दिवसाउजेडी कधीच केलं नव्हतं ते केलं. भावाला फोन लावला.

भाऊ बस चालवायचा. तीस वर्षं तोच मार्ग, आणि ते मोठं गोल चाक पोटाला लागेल असं पोट. फोन उचलताच त्यानं घाबरून विचारलं, "तायडे? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. मेल्या, फोन केला की कुणी जायलाच हवं का?"

"दुपारी बाराला तू करतेस म्हणजे एकतर कुणी गेलंय, नाहीतर कुणी आलंय. मी जेवायला बसलोय, डबा उघडलाय. बोल."

"हात धुतलेस?"

"झालं! पंचावन्नाव्या वर्षीही हेच. धुतले, बाई."

"अंगठा धुतलास? डावा?"

पलीकडे, बसडेपोच्या गलबल्यात, त्यानं डबा बाजूला सारल्याचा आवाज आला. मग तो सावकाश म्हणाला, "तुला बरं वाटतंय ना?" तेव्हा तिनं सांगितलं. मलम, खोकं, दिवा, कोठी, सगळं. आणि गाणं. गाण्यात अंगठा नाही हेही सांगितलं. "आई विसरली रे. आणि मी तुला महिनाभर त्याच हातानं..."

भाऊ हसला. आधी नाकात, मग पोटातून, मग त्याला ठसका लागला. "अगं तायडे, नळ! नळ आठवत नाही तुला? गॅलरीतला?"

"नळाचं काय?"

"त्याच्या डोक्यावर कळ होती ना, पितळी. दाबून धरली तरच पाणी. सोडली की बंद. ती आपण डाव्या अंगठ्यानं दाबायचो, आणि बाकीची बोटं नि उजवा हात खाली धारेत. साबणाचा अंगठा कळीवरून सटकायचा आणि पाणी सगळ्या गॅलरीभर! शेजारची म्हातारी आरडाओरडा करायची. मला एकदा फटका बसलाय त्यावरून, इथं, अजून कान गरम होतो. आई म्हणायची, अंगठा साबणाबाहेर ठेव, तो नळाचा नोकर आहे. म्हणून चारी बोटं गं! विसरली कसली ती? मोजून मापून शिवलेलं गाणं होतं ते."

मावशी बाकावर बसली. गॅलरी एकदम परत आली, ओल्या सिमेंटच्या वासासकट. पितळी कळ, मधोमध झिजून खळगा पडलेली, बरोबर अंगठ्याच्या आकाराचा. तिच्यावर जोर देताना खांदा थोडा पुढं झुकायचा. आणि तिला कळलं की आजही, कोपरानं उघडणाऱ्या लांब दांड्याच्या नळासमोर उभं राहून, हात धुताना तिचा डावा खांदा तसाच थोडा पुढं झुकतो, आणि अंगठा वर, वेगळा, कोरडा, कुठल्यातरी नसलेल्या कळीवर पहारा देत उभा राहतो. चाळीस वर्षांपूर्वी ती इमारत पडली, नळ गेला, आई गेली. नोकराला कुणी सांगितलंच नाही की धनी गेले, तू आता मोकळा आहेस.

"आणि तुझा ताप?" तिनं हळूच विचारलं.

"माझा ताप? त्या महिन्यात मी उशीखाली चेंडू ठेवला होता, गटारातून काढलेला. आईनं टाकून देऊ नये म्हणून चाटून स्वच्छ करायचो मी तो. तू भात आणायला उठलीस की." तो पुन्हा हसू लागला. "पन्नास वर्षं कुणाला बोललो नाही. तुझ्या अंगठ्याला कशाला उगाच श्रेय देतेस? ऐक, मला त्या भाताशिवाय दुसरं काही आठवत नाही. मीठ कमी असायचं. पण तू भरवायचीस तेव्हा मला वाटायचं, आपण मरणार नाही आहोत. बरं, ठेव आता. मीही अंगठा धुऊन येतो. चांगली लावलीस नसती सवय, डबा गार झाला."

फोन बंद झाला तरी ती तो कानाशीच धरून बसली होती. काहीतरी मोकळं झालं होतं, पण ते आनंदासारखं उसळलं नाही. गरम पाण्यात हात बुडवल्यावर ऊब कोपरापर्यंत चढत जाते तसं चढत गेलं. आई चुकली नव्हती. आपणही नाही. त्या नळाखाली आपले हात पुरेपूर स्वच्छ होते, जेवढे होऊ शकत होते तेवढे. फक्त नळ बदलला आणि आपण बदललो नाही. यात रडण्यासारखं काय होतं? तरी डोळे भरून आले, आणि ते पुसायच्या आधी, सवयीनं, ती हात धुवायला उठली. बेसिनसमोर उभी राहिली, खांदा पुढं झुकू लागला तशी तिनं तो मागं घेतला. प्रशिक्षणाच्या मुलीनं दाखवलं होतं तसा डावा अंगठा उजव्या मुठीत धरला आणि गोल गोल फिरवला. किती परका स्पर्श! साबण तिथं नवा होता. कातडी थोडी खरखरीत, थोडी लाजरी. अंगठा मुठीत आधी ताठरला, मग सैल पडला. ती त्याला चोळत राहिली, मनाशीच म्हणाली, ये बाबा, तूही न्हाऊन घे. त्या दुपारी तिनं अकरा वेळा हात धुतले आणि अकराही वेळा त्या एका अंगठ्याचे लाड केले, उशिरा घरी आलेल्या लेकाचे करावेत तसे.

चार वाजता रांग नव्हती. नापास झालेली तिघंच होती: ती, स्वयंपाकघरातली एक बाई आणि, हसता हसता स्वतःच नापास झालेला, धुलाईवाला. "या मावशी," तो म्हणाला, "आपण एका पंगतीचे." मोठ्या सिस्टर हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या. मुलीनं मलम लावलं, मावशी हात धुऊन आली आणि तिनं ते खोक्यात घातले. दिवा लागला. मुलगी वाकली. "अंगठा एकदम छान! अंगठा दिसतही नाहीये. पास, मावशी!" सिस्टरांनी सोडलेला श्वास मावशीला मानेवर जाणवला. धुलाईवाल्यानं टाळी वाजवली. मुलीनं वहीत खूण करायला पेन उचललं.

मावशीची नजर मात्र खोक्यातच होती. उजव्या हाताच्या करंगळीच्या बाहेरच्या कडेला, नखापासून खाली, दोऱ्याएवढी एक हिरवी रेघ होती. मुलीच्या बाजूनं ती दिसत नव्हती. हाताच्या आडोशाला होती. हात थोडा आत वळवला असता तर कुणालाच दिसली नसती. अकरा वेळा अंगठ्याचे लाड करण्यात करंगळी उपाशी राहिली होती. एक क्षण, फार तर दीड क्षण, तिला चादरींची कोठी दिसली: घड्या, फडताळं, नॅप्थलीनच्या गोळ्यांचा वास, आणि कुठंच कुणी झोपलेलं नाही. खोक्याबाहेर पेन कागदाला टेकलं. पांढऱ्या कापडाचा गठ्ठा आठवला तिला, आणि यंत्रावर वाकलेल्या आईचं न बोलता एक कापड बाजूला काढून ठेवणं.

"थांब गं," मावशी म्हणाली. "लिहू नकोस. ही बघ, इथं राहिलंय." आणि तिनं हात उताणा वळवला.

मुलगी वाकली, आणि तिचं पेन थबकलं. "हे मला दिसलंच नसतं."

"मला दिसलं ना."

सिस्टर जवळ आल्या. त्यांनी स्वतः वाकून ती रेघ पाहिली, मग मावशीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मुलीला म्हणाल्या, "दिवा बंद करू नका. मावशी, जा. घाई करू नका. पाचचं दूध तुमच्यासाठी थांबवून ठेवते."

कोपरानं नळ उघडला. पाणी आलं, आपलं आपण, कुणी दाबून न धरता, येतच राहिलं. तळव्याला तळवा. पाठ. बेचक्या. नखं. अंगठा एक, अंगठा दोन. करंगळीची कड, वरून खाली, खालून वर. मनगट. गाणं मनात सुरू झालं ते तिनं थांबवलं नाही, पण त्याच्यापुढं धावलीही नाही. ओळ संपली तरी हात चालू राहिले, आणि जिथं शब्द नव्हते तिथं नुसतं पाणी होतं. तीही एक ओळच होती. मग ती परत आली, बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि हात खोक्यात घातले. तिनं वाकून पाहिलं. उजेड कुठंच नव्हता. अंगठा नव्हता, करंगळी नव्हती, रेघ नव्हती. जांभळ्या अंधारात हातच दिसत नव्हते. बोटं हलवली तर हलल्याचं फक्त आतून कळत होतं. तिनं ती पुन्हा एकदा हलवली, दहाही, आणि कुणीतरी पास म्हणेपर्यंत तशीच पुढं धरून ठेवली.